रॉब बरो: १७ हंगाम, एकच जर्सी. निष्ठा की नशीब?

किर्कस्टॉलकर

हेडिंग्ले म्हटलं की आपल्या लोकांना ऑगस्ट २००२ ची कसोटी आठवते. सचिनचे १९३, द्रविड-गांगुलीची शतकं आणि डावाने विजय. पण त्या मैदानाच्या पाठीला पाठ लावून दुसरं एक मैदान आहे. मध्ये एकच स्टँड. एका बाजूला बसलं की क्रिकेट दिसतं, दुसऱ्या बाजूला बसलं की रग्बी लीग. लीड्सला आल्यावर पहिली दोन वर्षं मला त्या दुसऱ्या बाजूचा पत्ताच नव्हता. मग एका शुक्रवारी ऑफिसातल्या मित्राने ओढून नेलं.

कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला हा खेळ अर्ध्या तासात कळतो. तेरा-तेरा गडी. चेंडू घेऊन घुसायचं, समोरचे पकडून पाडतात, उठून परत घुसायचं. सहा वेळा पकडले गेलात की चेंडू त्यांचा. पुढच्या फळीतले गडी शंभर किलोच्या घरातले. आणि त्यांच्यात पाठीवर ७ नंबर लावलेला एक एवढासा माणूस, पाच फूट पाच इंच. मला वाटलं, चेंडू आणून द्यायला ठेवलेला पोरगा मैदानात शिरलाय. मग त्याला चेंडू मिळाला आणि आमचा अख्खा स्टँड उभा राहिला.

तो रॉब बरो. २००१ ते २०१७ लीड्स ऱ्हायनोज, दुसरा क्लब नाही. ४९२ सामने, सुपर लीगची, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेची, ८ विजेतेपदं, २ चॅलेंज कप. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला मोटर न्यूरॉन डिसीज झाल्याचं कळलं आणि २ जून २०२४ ला तो गेला. ४१ वर्षांचा होता.

माझा मुद्दा विजेतेपदांचा नाहीच. शेवटच्या काही हंगामांत त्याला बऱ्याचदा बाकावरून सुरुवात करावी लागली. २०११ ची फायनलही तो बाकावरूनच आला. आला, आणि जवळपास अर्ध्या मैदानावरून एकटा सुटला. एकाच्या हाताखालून वाकून निघाला, पुढच्याला पायाच्या झटक्याने चकवलं, शेवटचा तर जागच्या जागी फिरत राहिला. सेंट हेलेन्सला हरवलं, सामन्याचा मानकरी तोच. एवढं करणाऱ्याला दुसऱ्या कुठल्याही क्लबाने पहिल्या मिनिटापासून खेळवलं असतं. तो गेला नाही. ज्याचं हक्काचं स्थान अर्धं झालं आणि तरी ज्याने जर्सी बदलली नाही, त्याला मी निष्ठावान म्हणतो. आजच्या खेळाडूंना हे जमत नाही, असंही माझं मत आहे. बोला.

सांगलीकर_१९

दादा, बरोबद्दल आदर आहेच, पण तुमच्या निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही.

मी जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलोय, म्हणून आतल्या बाजूने सांगतो. जिंकणाऱ्या संघात बाकावर बसणं आणि हरणाऱ्या संघात पहिल्या सातात असणं, यात बाकावर बसणंच पुष्कळांना परवडतं. लीड्सने २००४ पासून १४ हंगामांत ८ वेळा विजेतेपद घेतलं. त्यात सुपर लीगमध्ये पगाराची कमाल मर्यादा आहे, क्लबाने एकूण किती खर्च करायचा ते ठरलेलं. म्हणजे शेजारचा क्लब दुप्पट पैसे घेऊन दारात उभा राहण्याची शक्यता तशीही कमी. घराजवळ राहायला मिळतं, मित्र तेच, करंडक येतायत. अशा वेळी थांबणं शहाणपणाचं होतं. त्याला निष्ठा म्हणायचं तर किंमत काय मोजली ते दाखवा.

आता दुसरं उदाहरण बघा. सॅम बर्जेस ब्रॅडफर्डच्या क्लबाचा पोरगा. क्लब सोडून ऑस्ट्रेलियात साउथ सिडनीला गेला. २०१४ च्या फायनलमध्ये पहिल्याच धडकेत त्याच्या गालाचं हाड मोडलं. तो बाहेर गेला नाही, पूर्ण ८० मिनिटं खेळला. साउथ सिडनीला १९७१ नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळालं आणि सामन्याचा मानकरी हाच. ज्याने आपला पहिला क्लब सोडला, त्यानेच दुसऱ्या क्लबासाठी मोडक्या चेहऱ्याने खेळून दाखवलं. याची निष्ठा कमी कशी? अंगावर जी जर्सी आहे तिला आज किती देतो, एवढंच मी बघतो.

कॅसवाली

मी अकरा वर्षं कॅसलफर्डमध्ये राहते, त्यामुळे या धाग्यात मला बोलायलाच हवं.

तुम्ही दोघंही विसरताय की रॉब बरो आमच्या बाजूचा. जन्म पॉन्टफ्रॅक्टचा, वाढला कॅसलफर्डला, लहानपणी खेळला शेजारच्या फेदरस्टोनच्या पोरांत. खाणींची गावं ही. खाणी बंद झाल्या, आता गावाला स्वतःचं म्हणून जे उरलंय त्यात आमच्या क्लबाचं व्हेल्डन रोडचं मैदान पहिलं. मग निष्ठेचा हिशोब कुठून धरायचा? गाव सोडून शहरातल्या श्रीमंत क्लबात गेला तिथून, की त्यानंतर तिथेच राहिला तिथून?

आणि २०१७ ची फायनल आठवते का कोणाला? त्या वर्षी आमचं कॅस गुणतक्त्यात पहिलं होतं, दुसऱ्या नंबरच्या लीड्सपेक्षा १० गुणांनी पुढे. क्लबाच्या इतिहासातली पहिली ग्रँड फायनल. अख्खं गाव ओल्ड ट्रॅफर्डला. हरलो २४-६. कोणाशी? लीड्सशी. बरोचा तो निवृत्तीचा सामना. आमच्या शेजारचे आजोबा खाणीत तीस वर्षं काम केलेले. त्या रात्री घरी आले ते दारातल्या पायरीवरच बसून राहिले, चहासुद्धा आत न्यायला सांगितला. त्यांना जाऊन विचारा बरोच्या निष्ठेबद्दल.

किर्कस्टॉलकर

कॅसवाली ताई, आजोबांचं दुःख खरं आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण जन्मगावाचा मुद्दा मला पटत नाही.

आमच्या त्याच स्टँडच्या पलीकडच्या बाजूची गोष्ट. यॉर्कशरच्या क्रिकेट संघात वर्षानुवर्षं दंडक होता, की काउंटीत जन्मलेलाच खेळणार. अभिमानाने पाळायचे. १९९२ मध्ये तो मोडून परदेशातून पहिला खेळाडू आणला, तो वांद्र्याचा १९ वर्षांचा सचिन. एकच हंगाम खेळला, पण इथले म्हातारे अजून मला बघितलं की त्याचाच विषय काढतात. कुठे जन्मलात हे कोणाच्या हातात नसतं. कुठे थांबलात हे असतं. बरो लीड्सच्या अकादमीत पोरवयात आला. नाळ तिथे जुळली आणि त्याने ती तोडली नाही.

सांगलीकर, किंमत विचारलीत. बाकावर बसण्याची किंमत तुम्ही फार कमी धरताय. २००७ मध्ये ग्रेट ब्रिटनने न्यूझीलंडला ३-० हरवलं, त्या मालिकेतला ब्रिटनचा सर्वोत्तम खेळाडू हा होता. त्याला ‘तू तिसाव्या मिनिटाला ये’ म्हणणं म्हणजे काय, ते तुम्ही खेळाडू असून मी तुम्हाला सांगायचं?

अर्धविराम

मी ब्रॅडफर्डचा. म्हणजे राहायला, आणि आता मनानेही.

तुमच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलीये, की क्लब तिथे असतोच. आमचा नव्हता. २०१२ मध्ये तिजोरी रिकामी झाली तेव्हा लोकांनी खिशातून पैसे भरले. माझ्या दुकानात येणाऱ्या एका बाईंनी नातीच्या वाढदिवसाचे बाजूला ठेवलेले वीस पौंड दिले, मी स्वतः बघितलंय. तरी जानेवारी २०१७ मध्ये क्लब अवसायनात गेला आणि नव्या कंपनीच्या नावाने पुन्हा शून्यापासून उभा करावा लागला. गुणतक्त्यात सुरुवातच उणे १२ पासून. त्या वेळच्या पोरांना विचारा, निष्ठावान राहायचं होतं का. होतं. पण पगार कोण देणार? घराचा हप्ता जर्सीच्या रंगावर फिटत नाही. खेळाडूच्या हातात जेमतेम बारा-पंधरा वर्षं असतात, गुडघा गेला की संपलं. ‘आजच्या खेळाडूंना जमत नाही’ हे तुमचं वाक्य मला लागलं, कारण ते मैदानाबाहेर बसून म्हटलेलं आहे.

निष्ठा मोजायचीच असेल तर क्लबाची मोजा. खेळाडूचा उपयोग संपल्यावर क्लबाने काय केलं?

किर्कस्टॉलकर

ते वाक्य मी मागे घेतो. ब्रॅडफर्डच्या पोरांना डोळ्यांसमोर ठेवून मी ते लिहिलं नव्हतं, पण लागणार त्यांनाच होतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे, आणि त्यात तुमचाच क्लब आहे. १२ जानेवारी २०२०. निदान जाहीर होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. हेडिंग्लेवर जेमी जोन्स-बुकॅननच्या गौरवाचा सामना आधीच ठरला होता, त्यातच रॉबला सामील करून घेतलं. समोर ब्रॅडफर्ड. तिकिटं संपली होती, मी साउथ स्टँडला उभा होतो, पाऊस नव्हता पण थंडीने बोटं वाकत नव्हती. शेवटची काही मिनिटं उरली आणि तो बाकावरून उठला. जुने सोबती त्याच्या आजूबाजूला. माझ्या पुढे एक बाप लेकाला खांद्यावर घेऊन उभा होता, लेकाच्या पाठीवर ७ नंबर, शर्ट गुडघ्यापर्यंत. रॉबच्या हातात चेंडू आला तेव्हा तो बाप ओरडला नाही. त्याने पोराचे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले, बस.

सांगलीकर_१९

हे वाचून थांबावंसं वाटलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. उलट तुमच्याच गोष्टीने तो पक्का होतोय.

केविन सिनफील्ड बघा. लीड्सचा कर्णधार, ७ विजेतेपदांच्या वेळी नेतृत्व त्याचं. त्याने क्लब सोडलाच. २०२१ मध्ये लेस्टरला प्रशिक्षक म्हणून गेला, तेही दुसऱ्या प्रकारच्या रग्बीत. पुढे इंग्लंड संघात. लीड्समध्ये त्याला कोणी बेइमान म्हटलं? नाही. कारण डिसेंबर २०२० मध्ये तो रॉबसाठी ७ दिवसांत ७ मॅरेथॉन धावला होता. ७७,७७७ पौंड जमवायचे ठरवून निघाला आणि २० लाखांच्या वर जमले. लेस्टरला गेल्यावर तिथून हेडिंग्लेपर्यंत १०१ मैल, २४ तासांत. मे २०२३ मध्ये लीड्स मॅरेथॉनला रॉबची खुर्ची ढकलत अख्खं अंतर धावला आणि शेवटच्या रेषेआधी थांबून त्याला उचलून घेऊन पलीकडे गेला.

क्लब सोडला, माणूस सोडला नाही. मग आपण इतका वेळ जर्सीवरून का भांडतोय? निष्ठा माणसांची माणसांशी असते. क्लब ही एक कंपनी आहे.

अर्धविराम

क्लब ही कंपनी आहे हे मला कोणी सांगायची गरज नाही, आमची बुडालेली आहे. पण सांगलीकर, सिनफील्ड आणि बरो भेटले कुठे? त्या मैदानावर, त्या खोलीत. दर आठवड्याला नवा संघ असता तर ही मैत्री झाली असती का? इथे मी किर्कस्टॉलकरांच्या बाजूला सरकतोय.

फिजिओ_नाशिक

मी लीग बघत नाही, पण हा आजार बघितलाय, अगदी जवळून, रुग्णांच्या घरी जाऊन. म्हणून थोडं वेगळं लिहिते.

या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंच्या पेशी मरत जातात. हात, पाय, मग गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. बुद्धी पुष्कळांची शाबूत असते, सगळं कळत असतं. रॉबने आवाज जाण्याआधी तो साठवून ठेवला होता, पुढे डोळ्यांच्या हालचालीने संगणकावर अक्षरं निवडायचा आणि त्याच्याच आवाजात वाक्य यायचं. माझ्या एका रुग्णाने असं एक वाक्य बनवायला चार मिनिटं घेतली होती. वाक्य होतं, ‘चहात साखर जास्त झाली.’

तुमच्या धाग्यात त्याच्या बायकोचं नाव एकदाही आलं नाही. लिंझी स्वतः फिजिओथेरपिस्ट. तीन मुलं, नोकरी आणि नवऱ्याची सेवा. रात्री कूस बदलून देणं, घास बारीक करून भरवणं. निष्ठेवर बोलताय तर तिथून सुरुवात करायला हवी होती.

आणखी एक. त्याचा आजार खेळामुळे झाला असं मी म्हणत नाही. पण डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांवरून या खेळाचे कितीतरी जुने खेळाडू नियामक संस्थेविरुद्ध कोर्टात गेलेत. मोडक्या गालाने ८० मिनिटं खेळण्याचं कौतुक मला करवत नाही. निष्ठेच्या नावाखाली आपण त्यांच्याकडून काय काय मागतो?

सांगलीकर_१९

ताई, गालाचं उदाहरण मी कौतुकाने दिलं होतं. तुमचं वाचल्यावर ते तसं देऊ नये हे पटलं. लिंझीचंही खरं आहे.

किर्कस्टॉलकर

मलाही पटलं. धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये ते नाव यायला हवं होतं. तीही त्या लीड्स मॅरेथॉनला धावली होती.

क्लब कंपनी आहे यावर मात्र मी ठाम नाहीच म्हणणार. ३ जूनला, तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सीक्रॉफ्ट हॉस्पिटलमध्ये त्याच्या नावाच्या उपचार केंद्राची पहिली कुदळ पडली. कार्यक्रम पुढे ढकलू नका, ही घरच्यांची इच्छा. आणि ८ जूनला वेम्बलीवर चॅलेंज कपची फायनल, विगन आणि वॉरिंग्टन. लीड्सचा संबंधच नाही. तरी सामना ३ ला सुरू न करता ३ वाजून ७ मिनिटांनी सुरू केला. ती सात मिनिटं मी टीव्हीसमोर उभा होतो, घरात कोणी नसताना.

कॅसवाली

शेवटचं माझं राहिलंय.

७ जुलैला, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, अंत्ययात्रा निघाली. फेदरस्टोनच्या त्याच्या लहानपणच्या क्लबावरून पॉन्टफ्रॅक्टला. रविवार होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, सगळ्या क्लबांचे शर्ट घालून. मी शेजारच्या आजोबांना गाडीतून नेलं. त्यांनी स्वतःच विचारलं होतं, जागा आहे का म्हणून. कॅसचा काळा-पिवळा शर्ट इस्त्री करून घातला होता. गाडी समोरून गेली तेव्हा ते काठी माझ्या हातात देऊन टाळ्या वाजवत राहिले. परत येताना म्हणाले, २०१७ ला आम्हाला हरवलं ते मी विसरणार नाही. मग म्हणाले, उन्हाने घसा सुकलाय, कुठे चहा मिळतो का बघ.