मदत हवी आहे: नैरोबीत शाळेच्या जाहिरातीत मुलीचा फोटो, आम्हाला न विचारता

नमस्कार मंडळी, केनियात राहणाऱ्या किंवा तिथल्या कायद्याची माहिती असलेल्या कुणाची तरी मदत हवी आहे.

आमची लेक नऊ वर्षांची, नैरोबीतल्या एका खासगी शाळेत जाते. नव्या प्रवेशांसाठी शाळेने फेसबुकवर जाहिरात टाकली आहे आणि त्यात हिचा मोठा फोटो आहे. गळ्यातलं ओळखपत्र स्पष्ट वाचता येतं: पूर्ण नाव, इयत्ता आणि खाली स्कूलबसचा मार्ग. पोर रोज कोणत्या रस्त्याने घरी येते ते आता कुणालाही कळेल. ते पाहिल्यापासून जिवाला स्वस्थता नाही. शाळेच्या ऑफिसात गेले तर म्हणाले, प्रवेश अर्जावर तुमची सही आहे. अर्जात 'शालेय उपक्रमांसाठी छायाचित्रे' एवढंच आहे. जाहिरात हा उपक्रम कसा?

मी वाचलं ते असं. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेत कलम 31 मध्ये खासगीपणाचा हक्क थेट लिहिलेला आहे. (आपल्याकडे तो मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली एकमताने सांगितलं.) हा हक्क फक्त नागरिकांपुरता नाही, म्हणजे वर्क परमिटवर आलेल्या आम्हालाही आहे. शिवाय 2019 चा डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, संमती होती हे शाळेनेच सिद्ध करायचं, आणि दिलेली संमती कधीही काढून घेता येते. 2023 मध्ये तिथल्या डेटा संरक्षण आयुक्तांनी पालकांना न विचारता मुलांचे फोटो टाकल्याबद्दल एका शाळेला 45,50,000 शिलिंग दंड केला होता. त्यामुळे आमची बाजू पक्की आहे असं मला ठामपणे वाटतं.

आता अडलंय ते इथे. आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करण्याआधी शाळेला लेखी पत्र देऊन किती दिवस थांबावं? कायद्यात चौकशी 90 दिवसांत संपवायची आहे, प्रत्यक्षात तसं होतं का? वकील लागतोच का? आणि मुख्य म्हणजे, लेक अजून त्याच शाळेत आहे. तक्रारीनंतर शाळेने मुलाला त्रास दिल्याचा कुणाला अनुभव आहे का? नवरा म्हणतो सत्र संपेपर्यंत थांब, पण तोवर तो फोटो तिथेच राहणार.

पोस्टचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवले आहेत. शाळेला द्यायच्या पत्राचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.