भाडेकरूंनी घर सोडलं, भिंतींना ओल आहे: डिपॉझिटमधून किती कापणं योग्य?

प्रश्न (दोन_खोल्या)

एकच कुटुंब तीन वर्षं भाड्याने होतं. भाडं कधी थकलं नाही. घर रिकामं झाल्यावर दिसलं ते असं: बेडरूममध्ये कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला खालून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत पोपडे. हॉलच्या एका भिंतीवर मुलांच्या पेनाच्या रेघोट्या. घर देताना रंग नवा होता. भाडेकरूंचं म्हणणं, ओल घरातलीच आहे, त्याला आम्ही काय करणार. ओलीचा आणि रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापता येईल का? दुसरं म्हणजे नवे भाडेकरू लगेच यायला तयार आहेत. पुट्टी आणि रंग मारून घर देऊन टाकावं का?

उत्तर (बांधकाम_देखरेख)

आधी ओल कुठून येते ते शोधा, कापाकापीचं नंतर. या दोन भिंतींचा आजार एकच असेल असं धरून चालू नका.

कपाटामागे काळे ठिपके असतील, वरच्या कोपऱ्यात आणि खिडकीच्या कडेलाही तसेच दिसत असतील, तर ते बहुधा हवेतल्या बाष्पाचं काम आहे. बाहेरची भिंत गार असते. कपाट तिला चिकटून असलं की मागे हवा फिरत नाही आणि बाष्प तिथे जमतं. भिंतीलगतच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते. भिंत हाताला ओली लागलीच पाहिजे असं नाही. तपासायला साधारण ४५ सेंमी चौरस जाड प्लास्टिक किंवा फॉइल भिंतीवर लावा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि २४ ते ४८ तासांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल हवेतली, मागच्या बाजूला असतील तर भिंतीतली. मात्र रिकाम्या घरात स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ नसते. त्यामुळे खोलीकडची बाजू कोरडी निघाली म्हणून बाष्पाचं कारण बाद होत नाही.

बाथरूमच्या भिंतीसाठी पहिल्यांदा पुरवठ्याची लाईन तपासा. सगळे नळ बंद, फ्लशची टाकी भरली की तिचा कॉक बंद. मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी परत वाचा. आकडा सरकला तर दाबाखालच्या पाइपमधून गळती आहे. मीटर आणि घर यांच्यामध्ये वरची टाकी असेल तर मीटर काहीच सांगणार नाही. तेव्हा टाकीत येणारं पाणी बंद करून तिच्या पातळीवर खूण करा.

तिथे काही सापडलं नाही तर नहाणी ट्रॅपला बूच मारा, फरशीवर उंबऱ्याच्या खाली राहील इतकं, सुमारे ४ सेंमी पाणी उभं करा आणि पेन्सिलने खूण करून २४ तास सोडा. एक-दोन मिमी वाफेने जातातच. त्याहून बरंच जास्त उतरलं तर आधी बूच घट्ट बसलंय ना ते बघा. बसलं असेल तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. पातळी टिकली तर ट्रॅपचा आणि सांडपाण्याच्या पाइपचा सांधा तपासा, आणि शॉवरच्या भिंतीवर वेगळं १५-२० मिनिटं पाणी मारून बघा. टाइल्समधलं ग्राउट उडालेलं असलं की पाणी तिथूनच आत जातं.

ओल्या भिंतीवर पुट्टी मारू नका, कितीही घाई असली तरी. पाणी आतच राहतं, रंग पुन्हा फुगतो, आणि बऱ्याचदा ओल थोडी वर सरकून नव्या जागी बाहेर पडते. डागाच्या पलीकडे ३० सेंमीपर्यंत गिलावा काढून भिंत उघडी ठेवा. जाड भिंत वाळायचा ढोबळ हिशेब २५ मिमीला एक महिना असा आहे.

उत्तर (भाडे_हिशेब)

कापण्याबद्दल. पाइप, वॉटरप्रूफिंग, सांधे हे घरमालकाचं. भाडेकरूंकडून घेता येईल ते फक्त वाढलेलं नुकसान, म्हणजे गळती त्यांना दिसत होती आणि महिनोन् महिने कळवली नाही, असं दाखवता आलं तरच. बाष्पाच्या बुरशीत खरा प्रश्न असा की घरात वाफ बाहेर जायची सोय होती का? एक्झॉस्ट फॅन नसेल किंवा खिडकी उघडतच नसेल, तर तो खर्च त्यांच्यावर टाकणं योग्य नाही.

रंगाचं आयुष्य ५ वर्षं धरा. ३ वर्षं वापरून झाली, २ उरली. म्हणून रेघोट्या असलेल्या त्या एका भिंतीच्या खर्चाचे ४० टक्के मागता येतील, सगळ्या घराचा रंग नाही. खिळ्यांची थोडी भोकं, उन्हाने फिकटलेला रंग ही नेहमीची झीज आहे, त्याचे पैसे मागू नयेत.

हिशेब लेखी द्या: कशाचे किती, सोबत बिल आणि फोटो. घर ताब्यात देतानाचे फोटो नसतील तर तुमची बाजू लंगडी आहे हे समजून चला. ज्या रकमेवर वाद नाही ती अडकवून ठेवू नका. डिपॉझिट परत करायची मुदत करारात आणि तुमच्याकडच्या कायद्यात काय आहे तेही आजच बघा.

दोन_खोल्या

नव्या भाडेकरूंना ओलीचं सांगितलं तर ते भाडं कमी करायला सांगतील ना?

उत्तर (भाडे_हिशेब)

सांगतील, आणि ते तुम्हाला परवडेल. घर एक महिना रिकामं राहिलं तर वर्षाच्या भाड्याचे ८.३ टक्के गेले. उलट तीन महिने भाड्यात ५ टक्के सूट दिली तर एकूण ०.१५ महिन्याचंच भाडं जातं. १५ टक्के दिली तरी अर्ध्या महिन्याहून कमी. फक्त गळती बंद झाल्याशिवाय कोणालाही आत घेऊ नका. भिंत वाळायची राहिली असेल तर करारात लिहा: कोणती भिंत, रंगकाम कोणत्या तारखेपर्यंत, कारागिरांना आत यायची वेळ, तोवरची सूट. लपवून दिलंत तर पोपडे पुन्हा निघतील, रंग दोनदा मारावा लागेल, वर घर मधेच रिकामं होईल.

उत्तर (बांधकाम_देखरेख)

एक भर. बुरशी कोरडी घासू नका, कण घरभर उडतात. मास्क लावा, आधी पुसणी ओली करून पुसा, मग बुरशीनाशक. नव्या भाडेकरूंना सांगा की कपाट भिंतीपासून ५ ते १० सेंमी पुढे ठेवा आणि आंघोळीनंतर पंखा १५-२० मिनिटं चालू राहू द्या. एक साधा आर्द्रतामापक बेडरूममध्ये लावून ठेवा. काटा ६० टक्क्यांच्या खाली राहिला आणि तरीही त्या भिंतीवर डाग आला, तर बाहेरच्या बाजूने तडा शोधायला लागा.