जुना एस५ पीएलसी: स्पेअर जमवू की बदलूनच टाकू?

गळीतहंगाम: कोल्हापूर भागातल्या साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. आमच्या दोन बॅच सेंट्रिफ्यूगलवर (साखर आणि मळी वेगळी करणारी फिरती मशीन) अजून सीमेन्सचा एस५-११५यू हा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, आहे. मशीन ठणठणीत, पण कार्डं नवी मिळत नाहीत आणि प्रोग्रॅम लिहिणारे साहेब कधीच रिटायर झाले. वरचे म्हणतात, चालतंय ना, मग हात कशाला लावता? हंगाम संपला की चार-पाच महिने मिळतील. काय करू?

पॅनेलवाला: दादा, कार्डांचं नंतर बघा, आधी प्रोग्रॅम वाचवा. एस५च्या रॅममधला प्रोग्रॅम पॅनेल बंद असताना बॅटरीच्या सेलवर जगतो. माझ्या जुन्या नोकरीत आमच्याच माणसाने पॅनेल बंद करून सेल बदलला. रॅम कोरी झाली, ईप्रॉमही (वीज गेली तरी प्रोग्रॅम जपणारी चिप) नव्हता. तीन दिवस लॉगबुक बघून क्रम जुळवत बसलो. सेल बदलायचा तो सप्लाय चालू ठेवूनच.

बॅकअपला स्टेप ५ हे सीमेन्सचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर लागेल, ते डॉसच्या जमान्यातलं. सीपीयूचा पोर्ट २० मिलिअँपिअर करंट लूपचा, त्यामुळे कॉम्प्युटर आणि त्याच्या मधे कन्व्हर्टर हवा. आणि पीएलसीतून नुसता कोड येतो, कॉमेंट येत नाहीत. कुठला इनपुट कशाचा, हे एकेक वायर धरून लिहून काढा. इंटरलॉक (धोका टाळायला प्रोग्रॅममध्ये घातलेल्या अटी) तर ऑपरेटरला शेजारी बसवून लिहा. प्लाऊ (साखर खरवडणारं पातं) पूर्ण मागे गेल्याशिवाय बास्केटने (फिरणाऱ्या टोपलीने) वेग घ्यायचा नाही, ही एक ओळ नव्या प्रोग्रॅममध्ये राहून गेली तर माणसाच्या जिवावर बेतेल.

मीटरपट्टी: दोन्ही मशीन एकदम बदलू नका. यंदा एकच करा, तिची निघालेली कार्डं दुसरीला स्पेअर. जुन्या बाजारातून पॉवर सप्लाय घेतलात तर वर्षातून एकदा रॅकवर लावून चालवा. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कपाटात पडून राहिले तरी खराब होतात.

गळीतहंगाम: एकजण वापरलेला एस७-३०० (सीमेन्सचाच एस५नंतरचा पीएलसी) स्वस्तात देतोय. घेऊ का?

पॅनेलवाला: नका घेऊ. तो १९९०च्या दशकातला, त्याचाही फेज-आउट, म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद होणं, जाहीर झालाय. पुन्हा याच प्रश्नावर याल. त्याच्या पुढचा एस७-१५०० घ्या, आणि ऑर्डर हंगाम चालू असतानाच टाका. माल यायला वेळ लागतो, बॉयलर पेटायची तारीख मात्र पुढे सरकत नाही.

गळीतहंगाम: पटलं. आत्ताच पॅनेल उघडून पाहिलं, सेलवर २०१९ लिहिलंय. पॅनेल चालूच आहे, नवा सेल आणायला माणूस पाठवलाय.