वॉटर पंप गळतोय, उद्यापर्यंत गाडी चालेल का?

ए-२०३: मंडळी, गाडीखाली हिरवं पाणी साचलंय, इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूला. मेकॅनिक म्हणतो वॉटर पंप गेला, पार्ट उद्या दुपारी येणार. तोपर्यंत एम-सील लावून किंवा ते गळती बंद करायचं लिक्विड टाकून भागेल का? सकाळी आईला हॉस्पिटलला न्यायचंय

सी-५०१: ताई आधी गळतंय कुठून ते टॉर्च मारून बघा. कधीकधी वरच्या होज पाइपचं पाणी ओघळून पंपावर येतं, तसं असेल तर क्लॅम्प आवळून काम होतं. पण पंपाच्या अंगाला खालून एक बारीक भोक असतं, तिथून थेंब येत असेल किंवा सुकलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी) पांढरट हिरवट ओघळ असेल तर आतलं सील गेलं समजा. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, सीलमधून सुटलेलं पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं म्हणून. ते एम-सीलने बुजवलं की पाणी बेअरिंगमध्येच शिरणार, बेअरिंग जाम झालं की पट्टा तुटणार, आणि पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ ठेवणारा पट्टा) असेल तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून वाकतात. त्यामुळे भोक अजिबात बुजवू नका

बी-१०४: लिक्विडने माझ्या रेडिएटरची गळती थांबली होती की

सी-५०१: रेडिएटरला थांबते दादा, तिथलं भोक एका जागी असतं. इथे सील फिरत्या शाफ्टवर आहे, तिथे काही धरून राहत नाही, उलट तो लगदा हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो

ए-२०३: मग पाणी भरत भरत नेली तर? एकजण म्हणाले रेडिएटरचं झाकण सैल ठेवा, गळती कमी होते

सी-५०१: गळती कमी होते हे खरं, कारण दाबच राहत नाही. पण त्या दाबामुळेच कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की लवकर उकळणार, म्हणून ते नको. आणि गरम असताना झाकणाला हातच लावू नका, वाफ तोंडावर येते.
इंजिन बंद करून पंपाची पुली हलवून बघा, डुगडुगत असेल किंवा आधी घरघर येत होती तर गाडी चालूच करायची नाही. नुसते थेंब असतील तर गॅरेजपर्यंत नेता येईल, थंड असताना पाणी भरा, एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि पंखा जोरात, त्याने इंजिनाची थोडी उष्णता आत निघून येते. तापमानाचा काटा चढायला लागला की लगेच बाजूला घेऊन बंद करा. काटा अचानक खाली पडला तरी थांबा, पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की तो खोटं दाखवतो, तेवढ्यात इंजिनाचं हेड (वरचा भाग) तापून वाकतं.
आईंना मात्र या गाडीतून नेऊ नका, मी सोडतो सकाळी

ए-२०३: खूप आधार वाटला दादा. ८ ला निघूया?

सी-५०१: हो चालेल

डी-३०२: ताई ते खाली साचलेलं आत्ताच पुसून घ्या आणि वर पाणी मारा प्लीज, कूलंट गोडसर असतं, मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही त्यांची किडनी जाते

ए-२०३: उतरतेच खाली, फडकं घेऊन