मदत हवी आहे: उंडीच्या तेलाने गजकर्ण जाईल का?

अवनी
आईच्या कमरेवर तीन महिने गजकर्ण आहे. खाजेने रात्रभर झोप नाही. मालवणहून मावशीने उंडीचं तेल पाठवलंय, ते बुरशी मारतं म्हणे. दिवसातून किती वेळा लावायचं तेवढं सांगा. 'डॉक्टरकडे जा' लिहू नका, जाऊन आलोय.

रानवाट
वय? साखर आहे का? सध्या काय लावताय?

करंजप्रेमी
उंडी सोडा, करंजेल तेल लावा. आमच्याकडे बैलाच्या खरजेपासून माणसाच्या नायट्यापर्यंत तेच. थोडा कापूर घालायचा. माझा नायटा पंधरा दिवसांत गेला.

शलाका
त्यापेक्षा टी ट्री. त्यातलं टर्पिनेन-४-ओल बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतं. खोबरेलात मिसळूनच लावा, नुसतं लावलं तर कातडी भाजते.

करंजप्रेमी
दारात करंज असताना ऑस्ट्रेलियातलं झाड कशाला? करंजातही करंजीन हे बुरशीवर चालणारं द्रव्य असतं.

शलाका
असतं, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बुरशी मरणं वेगळं आणि कातडीत मरणं वेगळं. हे टी ट्रीलाही लागू आहे. १० टक्क्यांच्या क्रीमने चिखल्यांची खाज कमी होते, बुरशी मात्र बहुतेकदा राहते.

दर्यावर्दी
उंडी वाचून आजोबा आठवले. होडीच्या फळ्यांना हेच तेल चोपडायचे, दिव्यातही हेच. तो उग्र वास अजून नाकात आहे.

परसबाग
कडुनिंबाचं तेल वापरा. लिटरभर पाण्यात ५ मिली, थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा. माझ्या गुलाबावरचा मावा गेला.

अवनी
अहो, गुलाब नाही, आई! वय ६१, साखर आहे, गोळी चालू आहे. डॉक्टरांनी बुरशीच्या गोळ्या दिल्या होत्या, आठवड्यात बरं वाटलं म्हणून थांबवल्या. आता मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावतो. दोन दिवस आराम, मग आणखी पसरतं.

रानवाट
ट्यूबवरची नावं वाचून लिहा.

अवनी
क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल.

रानवाट
घोळ इथेच आहे. क्लोबेटासोल हे फार जोरदार स्टेरॉइड. खाज दबते, कातडीची प्रतिकारशक्तीही दबते आणि आत बुरशी फोफावते. त्यात साखर. शिवाय टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला अनेकदा दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी आपल्याकडे पसरली आहे, म्हणून कातडी खरवडून तपासणी करून घ्या. ट्यूब सोबत न्या. जाण्याआधी कुठलंही तेल लावू नका, नमुना नीट दिसत नाही. गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्यायच्याच.

करंजप्रेमी
स्टेरॉइडचं माहीत नव्हतं. मग कापूरही नकोच, ताई. आधीच कातडी पातळ झाली असेल.

अवनी
उद्याच नेते. मावशीच्या तेलाचं काय करू?

रानवाट
कोकणात ते दुखऱ्या गुडघ्यांना चोळतात. कातडी धड असेल तिथेच लावा. घरात आणखी कुणाला खाज?

अवनी
बाबांना जांघेत, महिनाभर. ते बोलले नव्हते, आत्ता विचारलं. दोघांचा टॉवेल एकच आहे.

रानवाट
दोघांनाही न्या. टॉवेल आजपासून वेगळे करा, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.