मदत हवी आहे: जुन्या मारुती ८०० चा चेपलेला फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) ठोकून घ्यावा की बदलावा?

मंडळी, गाडी २००४ ची, सिल्व्हर. सोसायटीत उभी असताना पाण्याच्या टँकरने रिव्हर्स घेताना डावा पुढचा फेंडर चेपला. पोचा तळहाताएवढाच आहे, पण चाकावरच्या कमानीची कडा आत वळलीय आणि तिथला रंग तडकून पत्रा उघडा पडलाय. दार नीट उघडतं, हेडलाइट जागेवर आहे.

दोन गॅरेजांत दाखवली. एकजण म्हणतो, "ठोकून वर लांबी मारतो, कळणारसुद्धा नाही." (लांबी म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. हे ऐकलं की मला हमखास धास्ती वाटते.) दुसरा बदलाच म्हणतोय, पण त्याच्याकडचा लोकल फेंडर अंगठ्याने दाबला तरी दबत होता. इन्शुरन्समध्ये राम नाही: १० वर्षांवरच्या गाडीला पत्र्याच्या पार्टवर ५० टक्के घसारा (जुनेपणाची वजावट), वर प्रत्येक क्लेममध्ये सक्तीने आपल्या खिशातून जाणारे १,००० रुपये, शिवाय नो क्लेम बोनस जाणार.

मूळ फेंडरला आतून गंज नाही. तोच ठेवावा का? लांबी पावसाळ्यात टिकते का? आणि रंग फक्त फेंडरला मारून भागेल?

प्रतिसाद:
गंज नसेल तर मूळ फेंडर सोडू नका. ८०० चा फेंडर बोल्टवर असतो, त्यामुळे खोलूनच काम करायला लावा. खोलण्याआधी दार आणि बोनेटशी असलेल्या फटींचे फोटो काढून ठेवा, परत बसवताना वाद नको. आधी कडा सरळ करायची, मग मधला भाग. आतून डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरून हलक्या हाताने. दणादण ठोकला की पत्रा ताणतो आणि तेलाच्या डब्यासारखा टकटक आत-बाहेर करायला लागतो. तसं झालंच तर तेवढा ठिपका गॅसने तापवून ओल्या फडक्याने थंड करतात. ज्याला हे येत नाही तो लांबी थापतो.

पातळ लांबीला काही होत नाही. पण ती पाणी शोषते, म्हणून प्रायमर न मारता गाडी पावसात काढू नका. उघड्या पत्र्याला आधी इपॉक्सी प्रायमर. ठोकताना आतलं कोटिंग उडतं, तिथेही अंडरकोट (गंजरोधक थर) मारून घ्या. हे सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

प्रतिसाद:
सिल्व्हर जुळवणं अवघड. कंपनीच्या कलर कोडप्रमाणे बनवलेला रंगसुद्धा उन्हात विटलेल्या गाडीवर वेगळा दिसतो. रंग पुढच्या दारापर्यंत विरवत न्यायला आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) पूर्ण दारावर मारायला सांगा. खर्च वाढेल, पण ठिगळ दिसणार नाही. बदलायचाच झाला तर पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे जुना कंपनीचा फेंडर शोधा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या. जिथे नीट धरत नाही तिथे आधीच लांबी भरलेली आहे.

धागाकर्ता:
आभार. खोलूनच घेतो. गॅरेजवाल्याने पुढच्या आठवड्यात बोलावलंय. पूर्ण वळण घेतलं की टायर कडेला घासतो, तोवर चालवू का?

प्रतिसाद:
अजिबात नको. आत वळलेली कडा टायरची बाजू कापते. आजच कडा तेवढी बाहेर ओढून घ्या, बाकीचं सावकाश.