सिस्टरांच्या नर्सरीत मुलांना काय शिकवतात? (आमच्या वसईच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

स्वराची आई (बी-४०२): नमस्कार मंडळी 🙏 स्वरा तीन वर्षांची झाली. जूनपासून नर्सरीत घालायचंय. चर्चच्या आवारातल्या सिस्टरांच्या शाळेचा फॉर्म आणलाय. शाळा जवळ आहे, स्वच्छ आहे. पण सासूबाई विचारतायत, एवढ्या लहान मुलांना तिथे धर्म शिकवतात का? कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

अन्वयचे बाबा (ए-२०३): आमचा ज्युनिअर केजीला आहे. शाळा दुसरी, पण तीही कॅथलिकच. रोज सकाळी प्रार्थना असते. डबा उघडायच्या आधी हात जोडून दोन ओळी म्हणतात. घरीही म्हणायला लागला तेव्हा आमच्या आईला जरा खटकलं. मग तिने आपला जेवणाआधीचा श्लोक शिकवला. आता दोन्ही म्हणतो, त्याशिवाय घास घेत नाही.

पाटील काका (सचिव): तुस्कानो टीचर ग्रुपवर आहेत ना? टीचर, तुम्हीच सांगा.

तुस्कानो टीचर (सी-१०१): सांगते. स्वराची आई, मी केजीला शिकवलं आणि रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्गही घेतला. ही दोन कामं वेगळी. चर्चचे संस्कार (बाप्तिस्मा वगैरे), दहा आज्ञा, बायबलचा क्रमवार अभ्यास हे रविवारच्या वर्गात, आणि तेही कॅथलिक मुलांना. शाळेत मोठ्या वर्गांमध्ये त्या तासाला बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात. नर्सरीत मात्र सगळी एकत्र.

प्रार्थना असते, ते लपवण्यासारखं नाही. वर्गात येशूचं किंवा मारियामातेचं चित्र असतं. नाताळात गोठा मांडतात, बाळ येशू, मेंढ्या, गाय, तीन राजे, आणि मुलं तिथून हलत नाहीत. आगेऱ्याच्या, म्हणजे आमच्या कापणीच्या सणाच्या दिवसांत भाताची कणसं वर्गात आणायची, हातात द्यायची, भात कुठून येतो ते दाखवायचं आणि देवाला थँक्यू म्हणायचं. तीन वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त धर्म पेलत नाही, मग ते मूल कॅथलिक का असेना.

तुस्कानो टीचर (सी-१०१): आमच्या कॅथलिक मुलांना क्रूसाची खूण शिकवायची तर कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. तेवढ्यालाही वेळ लागतो. मी समोर उभी राहिले की मुलं आरशासारखी उलटा हात उचलायची. म्हणून त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायचे, म्हणजे माझा उजवा तोच त्यांचा उजवा. अर्थ पुढे पहिल्या कम्युनियनच्या (चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या) तयारीत कळतो. या वयात हात शिकतो.

कुलकर्णी वकील (ए-५०१): कायद्याचं थोडक्यात. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३० ने दिलाय. त्याचबरोबर कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल तर पालकांची संमती लागते. तेव्हा विचारायला संकोच करू नका.

स्वराची आई (बी-४०२): थँक्यू काका, हे सासूबाईंना वाचून दाखवते.

जोशी काकू (बी-१०४): आमची नात न्यू जर्सीला चर्चच्या प्रीस्कूलमध्ये जाते. १ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा सण, तेव्हा मुलं संतांचे वेश करून आली होती. नाताळाआधी चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर आठवड्याला एक जास्त लावायची. मी गेले होते तेव्हा एक गोष्ट बघितली, लाकडाचा मेंढपाळ आणि छोट्या मेंढ्या, मुलगी एकटी बसून त्या हलवत होती. टीचर, ते काय असतं?

तुस्कानो टीचर (सी-१०१): काकू, बरं झालं विचारलंत, हा माझा आवडता विषय. ती ‘गुड शेफर्ड’ची पद्धत, येशूने सांगितलेल्या चांगल्या मेंढपाळाच्या गोष्टीवरून लहान मुलांना धर्म शिकवायची. रोममध्ये १९५४ साली सोफिया कावाल्लेत्ती या बायबलच्या अभ्यासक बाई आणि माँटेसरी शिक्षिका जियाना गोब्बी यांनी मिळून सुरू केली. माँटेसरी पद्धत काढणाऱ्या मारिया माँटेसरी स्वतः कॅथलिक. त्यांची पहिली बालशाळा ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडली. आणि त्यांच्या विचारांवर ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. म्हणजे या गोष्टीचं एक टोक आपल्या पालघर जिल्ह्यात आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

गुड शेफर्डच्या वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं आधी एका भांड्यातून दुसऱ्यात डाळ ओततात, मग पाणी. फुलं फुलदाणीत लावतात, टेबल पुसतात. छोटी वेदी असते, तिच्यावर बोटभर पेला आणि ताटली. चर्चच्या वर्षातल्या सणांच्या काळाप्रमाणे वेदीवरच्या कापडाचा रंग बदलतो: हिरवा, जांभळा, पांढरा, लाल.

मेंढपाळाची गोष्ट सांगताना शिक्षिका मेणबत्ती लावते आणि अगदी हळू वाचते. मेंढपाळ प्रत्येक मेंढीला नावाने हाक मारतो, पुढे चालतो, त्या मागे जातात. गोल कुंपणातून मेंढ्या एकेक करून बाहेर येतात. मग ती विचारते, ‘या मेंढ्या कोण असतील?’ आणि गप्प बसते. उत्तर द्यायचं नाही, सुचवायचंही नाही. आपल्याकडे रस्त्यावरून धनगराचा कळप जाताना मुलं बघतात, त्यामुळे त्यांना चित्र लगेच कळतं. कधी महिनाभराने एखादं मूल येऊन सांगतं, ‘टीचर, त्या मेंढ्या आपणच.’ ते त्याचं स्वतःचं असतं. पाठ करून घेतलेल्या शंभर उत्तरांपेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

अन्वयचे बाबा (ए-२०३): टीचर, हे ऐकायला छान आहे, पण आमच्या शाळेत असं काही नाही. प्रार्थना दोन मिनिटं, मग वह्या. ए बी सी डी ओळीत, एक ते पन्नास, घरी दोन पानं रोज. रडतो लिहिताना. बोलायला गेलो तर म्हणाले, इतर पालकांनाच हवं असतं.

तुस्कानो टीचर (सी-१०१): हेच मला म्हणायचं होतं. काळजी करायची तर या वह्यांची करा, प्रार्थनेची नाही. बोटांची पकड तयार नसताना पेन्सिल दाबून धरायला लावणं चुकीचं आहे, शाळा कुठलीही असो. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या (लहान मुलांच्या) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते सहा वर्षांना पाठ्यपुस्तक नको, खेळातून शिकवा असंच म्हटलंय. कॅथलिक शाळेने तर हे आधी पाळायला हवं, आमची परंपरा आहे ती.

स्वराची आई, शाळा बघायला जाल तेव्हा वर्ग चालू असताना जा. मुलं जमिनीवर बसतात की बाकांवर? हात धुणं, चप्पल जागेवर ठेवणं, वाटून खाणं याला वेळ देतात का? रडणाऱ्या मुलाजवळ टीचर खाली बसते का, की लांबून दटावते? प्रार्थनेबद्दल सिस्टरांना सरळ विचारा, त्या नीट सांगतील. आणि घरच्या भाषेत बोललं तर चालतं का, हे नक्की विचारा. तीन वर्षांचं मूल ‘पाणी पाहिजे’ इंग्रजीत कुठून म्हणणार?

स्वराची आई (बी-४०२): शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता 😟 टीचर, शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, सासूबाईंना घेऊन जातेय. तुम्ही बरोबर याल का?

तुस्कानो टीचर (सी-१०१): येते की. सकाळी नऊला गेटवर भेटू, दहाला त्यांचा डबा असतो. त्याच्या आत वर्ग बघायचा.

अन्वयचे बाबा (ए-२०३): टीचर, तो आराखडा मराठीत मिळाला तर इथे टाका. पालकसभेला घेऊन जातो.